फळीचें माप

अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपल्याकडे लहानपणापासून शिकविलें जातें. ज्या घरांत अंथरूण वडिलांपासून चालत आलेलें, आखूड आणि बदलतां न येणारें असे, त्या घरांत हा उपदेश शहाणपणाचाच होता. परंतु त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, अंथरुणाची लांबी अगोदरच ठरलेली असून पसरणारानें फक्त आपले पाय आंवरावयाचे आहेत. जेथें अंथरूणच बाजारांतून निवडून आणावयाचें असतें आणि तें हव्या त्या लांबीचें मिळतें, तेथें ही म्हण मुकी होते. तेथें प्रश्न उलट बाजूनें उभा राहतो. पाय किती लांब आहेत? आजचे मोजावयाचे, कीं दोन वर्षांनीं होतील ते? आणि एकाच खोलींत चार माणसें निजावयाचीं असतील, तर एकाच्या अंथरुणाची लांबी ही त्याची एकट्याची गोष्ट राहते काय?

सामर्थ्याजोगें साधन कसें निवडावें, हा प्रश्न सहसा सोयीचा म्हणून सोडून दिला जातो. नीतिशास्त्राच्या पुस्तकांत त्याला प्रकरण मिळत नाहीं. आमच्या मतें तो नीतीचाच प्रश्न आहे, आणि तो नीट दिसावा म्हणून आम्ही एक असें उदाहरण घेत आहों कीं, ज्यांत मनुष्याला आपलें सामर्थ्य फूट, इंच आणि लिटर यांत लिहून द्यावें लागतें. हें उदाहरण म्हणजे समुद्राच्या लाटेवर उभ्यानें स्वार होण्याची फळी; इंग्रजीवरून तिला स्टँड-अप पॅडल बोर्ड म्हणतात. लाटांवरून फळीनें घसरत येण्याचा जो प्रसिद्ध खेळ आहे, त्यांत मनुष्य फळीवर पालथा पडून हातांनीं पाणी कापीत जातो व लाट उचलूं लागली म्हणजे झटकन् उभा राहतो. या दुसऱ्या प्रकारांत तो पहिल्यापासून उभाच असतो. हातांत एकाच पात्याचें लांब वल्हें असतें; फुटत्या लाटांतून वाट काढीत तो बाहेर जातो, तेथें उभ्याउभ्याच लाटेची वाट पाहतो, आणि ती आली कीं चार हात वल्हवून तिच्या वेगाशीं आपला वेग जुळवितो. आमचा स्वतःचा अनुभव एका शांत तळ्यापलीकडे गेलेला नाहीं, हें येथेंच सांगून ठेवतों. परंतु आम्हांस पडलेला प्रश्न आरोहणाचा नसून निवडीचा आहे, आणि निवड ही सर्वस्वीं जमिनीवर करावयाची गोष्ट आहे.

प्रथम त्यांतलें गणित पाहूं. कारण गणित टाळून केलेला नीतिविचार बहुधा नुसता उपदेश होऊन बसतो. समजा, एक मनुष्य ७८ किलो वजनाचा आहे. त्याची फळी ९ किलोंची, वल्हें व कपडे मिळून १ किलो. एकूण ८८ किलो. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणें तितक्या वजनाचें पाणी बाजूस सारल्याशिवाय तो तरंगणार नाहीं. आणि समुद्राचें पाणी लिटरला सुमारें १.०२५ किलो भरत असल्यामुळें तें सुमारें ८६ लिटर होतें. म्हणजे याहून कमी घनफळाच्या फळीवर तो उभा राहिला तर फळी पाण्याखालीं जाईल. पालथें पडून खेळणारांची गोष्ट निराळी. त्यांच्या फळ्या तीस-पस्तीस लिटरांच्याहि असतात. स्थिर पाण्यांत त्या त्यांना उचलूं शकत नाहींत, आणि लाटेची वाट पाहतांना ते कंबरेपर्यंत पाण्यांत बसलेले दिसतात. त्यांना उचलून धरते ती गति. वेगानें जाणाऱ्या फळीच्या तळावर पाणी आदळतें व तिला वर ढकलतें. उभ्यानें जाणाराला ही सवलत नाहीं. त्याच्या फळीला दोन धर्म पाळावे लागतात. गति नसतांना त्याला तोलून धरणें हा पहिला. आणि गति आल्यावर त्याच्या आड न येणें हा दुसरा. पहिल्याला मोठी फळी पाहिजे, दुसऱ्याला लहान. साऱ्या वादाचें मूळ येथें आहे.

शिवाय तरंगणें निराळें आणि न कलंडणें निराळें. वजनदार माल वर रचलेलें गलबत तरंगत असतें, पण एका झोताबरोबर आडवें होतें. हें कां होतें, याचा शास्त्रीय उलगडा फ्रेंच पंडित पियेर बूगेर यानें १७४६ सालीं प्रसिद्ध केलेल्या नौकाशास्त्रावरील ग्रंथांत केला. तरंगणारी वस्तु कलली म्हणजे तिला सरळ करणारा जोर, इतर गोष्टी सारख्या असतां, पाण्याच्या पातळीवरील तिच्या रुंदीच्या घनाप्रमाणें वाढतो, लांबीप्रमाणें मात्र नुसता सरळ वाढतो. आतां दोन फळ्या घ्या. एक १० फूट लांब व ३२ इंच रुंद, घनफळ १६० लिटर. दुसरी साडेआठ फूट लांब व २९ इंच रुंद, घनफळ १०५ लिटर. रुंदींतला फरक अवघा तीन इंचांचा, चार बोटांहून थोडा अधिक. पण त्या तीन इंचांनीं स्थैर्याचा चौथा हिस्सा जातो. आणि लांबी कमी झाल्याची तूट तींत मिळविली, तर दुसरीचें स्थैर्य पहिलीच्या दोनतृतीयांशांहूनहि खालीं येतें. त्यांत उभ्या मनुष्याचा गुरुत्वमध्य फळीपासून हात-दोन हात उंच! असा मनुष्य फळीवर उभा असतो असें म्हणण्यापेक्षां तो दर क्षणाला पडत असतो व दर क्षणाला घोट्यानें आणि गुडघ्यानें आपलें पडणें पुढें ढकलीत असतो, असें म्हणणें अधिक बरोबर होईल.

आमच्या कोंकणांतल्या कोळ्यांनीं हा प्रश्न बूगेरचें नांव न ऐकतां सोडविला होता. अरुंद होडीला त्यांनीं उलांडी बांधली. म्हणजे होडी अरुंदच ठेवून तिची रुंदी बाहेरून उसनी आणली. हवाईच्या लोकांनींहि आपल्या होड्यांना हाच उपाय केला. फळीला मात्र उलांडी बांधतां येत नाहीं. बांधली तर ती वळणार नाहीं, आणि वळण्यांतच या खेळाचें सारें सुख आहे. रुंद फळी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर येण्यास वेळ लावते, आणि लाट वेळ देत नाहीं.

लाटेचाहि विचार करावयास पाहिजे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापट राहिली म्हणजे लाट फुटते, हें स्थूल मानानें खरें आहे. समुद्राचा तळ हळूहळू चढत आला असेल तर ती माथ्यावरून फेस सांडीत सावकाश फुटते. तळ एकदम वर आला असेल तर ती पुढें कोसळून आंतून पोकळ होते. होनोलुलूजवळील वाईकीकीची लाट पहिल्या जातीची. त्याच ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील पाइपलाइन या नांवाची लाट दुसऱ्या जातीची. पहिलीवर लांब, रुंद फळी सुखानें चालते. कोंकणांत ज्या किनाऱ्यांवर वाळूचा उतार मंद आहे तेथेंहि तिचें चालेल. दुसरीच्या पोटांत लांब सरळ फळीचें नाक रुततें, कारण लाटेच्या बांकाशीं तिचा बांक जुळत नाहीं. तात्पर्य, फळी केवळ मनुष्याच्या मापाची असून भागत नाहीं. तिला लाटेचेंहि माप पाहावें लागतें.

दुकानांत यासाठीं तक्ते टांगलेले असतात. नवशिक्यानें आपल्या किलोंतील वजनाच्या दीडपट ते दुप्पट लिटरांची फळी घ्यावी, सरावलेल्यानें सव्वापटीच्या आसपासची, निष्णातानें वजनाइतकी किंवा किंचित् अधिक, असा त्यांचा साधारण आशय असतो. हे तक्ते खोटे नाहींत. परंतु त्यांत जो एक आंकडा असतो, त्यानें निश्चिततेचा आभास होतो. १२० लिटरांची एक फळी रुंद व पातळ असते, दुसरी अरुंद व जाड. आंकडा एकच, पण पहिलीवर जो मनुष्य उभा राहील तोच दुसरीवरून पडेल. आणि याहून मोठी अडचण अशी कीं, तक्ता वजन विचारतो तें तराजूवर कळतें. पण ‘नवशिका’, ‘सरावलेला’ आणि ‘निष्णात’ या तीन रकान्यांपैकीं आपला कोणता, हें ज्याचें त्यानें भरावयाचें असतें. तेथें तराजू नाहीं.

ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या दुसऱ्या भागांत मध्यम मार्गाचें विवेचन करतांना आहाराचें उदाहरण घेतलें आहे. दहा शेर अन्न फार होतें आणि दोन शेर थोडें होतें, म्हणून तालीम देणारा सर्वांना सहा शेर ठरवून देत नाहीं. मायलोसारख्या मल्लाला तेवढें अपुरें पडेल व आखाड्यांत नुकत्याच उतरलेल्याला तें जड होईल. वस्तूचा मध्य एक, आणि आपल्यापुरता मध्य दुसरा, असा त्याचा आशय. हें सर्व यथार्थ आहे. पण त्या उदाहरणांत एक तालीम देणारा आहे, आणि मायलो हा मायलो आहे हें त्याला दिसत आहे. आपणच तालीम देणारे व आपणच मल्ल असलों म्हणजे काय करावें, याचा उलगडा त्या उदाहरणानें होत नाहीं.

मोठेपणाचा आणि फळीचा संबंध पूर्वीं आजच्यासारखा नव्हता, हें येथें सांगितलें पाहिजे. हवाई बेटांत जुन्या काळीं ‘ओलो’ नांवाची अतिशय लांब, जाड फळी सरदार घराण्यांतील लोकच वापरीत. सामान्य जनांच्या फळ्या आखूड व पातळ असत. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयांत पाकी नांवाच्या सरदाराच्या फळ्या जतन केलेल्या आहेत. हें संग्रहालय १८८९ सालीं स्थापन झालें तें त्याच पाकीच्या कन्येच्या, राजकुमारी बर्निस पौआही बिशप हिच्या, स्मरणार्थ. पाकी धिप्पाड पुरुष होता आणि त्याची ओलो फळी सुमारें सोळा फूट लांब व शंभर पौंडांहून अधिक वजनाची आहे. म्हणजे त्या काळीं लांबी ही प्रतिष्ठेची खूण होती. आज पाहावें तर उलट! निष्णात मनुष्य लहान फळीवर उभा राहतो, म्हणून लहान फळी ही प्रतिष्ठेची खूण झाली आहे. आणि जो तो आपल्याला पेलेल त्याहून एक आकडा खालीं उतरूं पाहतो. खुणा उलटल्या, पण खुणेचा सोस होता तसाच राहिला.

याहून महत्त्वाचा फरक वजनाचा. पाकीची फळी वापरावयाची तर ती आधीं उचलून पाण्यापर्यंत न्यावी लागे. लांकूडच मर्यादा घालून देई. ज्याच्या अंगांत बळ किंवा पदरीं माणसें नाहींत त्याला ती इच्छा करण्याचीहि सोय नव्हती. १९२६ सालीं टॉम ब्लेक या अमेरिकन तरुणानें संग्रहालयांतल्या त्या जुन्या फळ्या दुरुस्त केल्या, त्यांच्या नमुन्यावर स्वतः फळ्या घडविल्या, वजन कमी करण्यासाठीं त्या आंतून पोकळ केल्या, आणि पोकळ फळीचें पेटंट १९३२ सालीं मिळविलें. पुढें फोम आणि काचतंतु आले. आज दहा फुटांची फळी एक मध्यम शक्तीचा मनुष्य काखेंत मारून चालतो. हें सोयीचें झालें यांत संशय नाहीं. परंतु जी मर्यादा पूर्वीं लांकूड घालीत असे, ती आतां कोणीच घालीत नाहीं. यंत्रयुगांत असें ठिकठिकाणीं झालेलें आहे. वस्तूंनीं आपल्यावर घातलेलीं बंधनें आपण एकेक करून सोडविलीं, आणि त्यांच्या जागीं स्वतःचें बंधन ठेवावयाचें आहे हें ध्यानांत घेतलें नाहीं.

आतां प्रत्यक्ष एक निवड पाहूं. आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त होनोलुलू येथें राहतो. वर उदाहरणांत घेतलेले ७८ किलो त्याचेच. वय सत्तेचाळीस. दोन वर्षें त्यानें भाड्याच्या मोठ्या फळीवर काढलीं व स्वतःची फळी घेण्याचा त्याचा विचार झाला, तेव्हां वर सांगितलेल्या दोन फळ्यांपैकीं कोणती घ्यावी, असें त्यानें आम्हांस पत्रानें विचारलें. हा प्रश्न तर्कशास्त्राच्या प्राध्यापकास कां, हें त्याचें त्याला ठाऊक. पण पत्रांत एक वाक्य असें होतें कीं, त्यामुळें आम्हांस उत्तर देणें भाग पडलें. त्यानें लिहिलें होतें: “सर, थोरलीवर उभा राहिलों म्हणजे मी काय आहें तें कळतें; धाकटी घेतली तर मी काय होणार आहें तें कळेल.”

हें वाक्य सुंदर आहे, आणि म्हणूनच तें तपासून घ्यावयास पाहिजे. मनुष्यानें होणाऱ्या स्वतःसाठीं आज साधन घ्यावें, यांत वावगें काय? आया मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात. त्यांना कोणी दांभिक म्हणत नाहीं. होतकरू विद्यार्थी न समजणारें पुस्तक विकत घेतो, तें कपाटांत राहतें, आणि चार वर्षांनीं एके दिवशीं तें त्याला समजतें. आकांक्षेला खोटेपणा म्हणणें हें आळशी माणसांचें समाधान आहे. परंतु पोराचें अंग वाढणार हें निश्चित असतें, आणि पुस्तक कपाटांत पडून राहिलें तरी कोणाच्या डोक्यावर आदळत नाहीं. सत्तेचाळिसाव्या वर्षीं गुडघे वाढत्या अंगाचे नसतात. शिवाय लहान फळीवर माणूस लवकर शिकतो, हा समजहि आम्हांस अर्धाच खरा वाटतो. जो तासांत चाळीस वेळां पडतो, त्याचा अभ्यास लाटेचा होत नाहीं; पडण्याचा आणि पुन्हां चढण्याचा होतो. या दोन्ही कला उपयुक्त आहेत, पण त्यासाठीं इतक्या दूर जावें लागत नाहीं.

उलट पक्षींहि बोलण्यासारखें आहे. जो महिनाभर एकदांहि पडला नाहीं, त्याची फळी आतां फळी राहिली नसून पाट झाली आहे. मोठी फळी क्षमाशील असते. चुकीचें पाऊल, उशिरा मारलेलें वल्हें, सर्व ती पोटांत घालते. आणि ज्याला सदोदित क्षमा मिळते त्याला आपण कोठें चुकलों हेंच कळेनासें होतें. म्हणून ‘सुरक्षित तें घ्यावें’ हें उत्तर आम्हीं त्याला दिलें नाहीं. आम्हीं त्याला इतकेंच लिहिलें कीं, तूं आपलें माप सकाळच्या पहिल्या दहा मिनिटांत घेऊं नकोस. वारा सुटून पाण्यावर आडव्या लहरी उठल्या आहेत, दोन तास झाले आहेत, पोटऱ्या भरून आल्या आहेत आणि किनारा अजून दूर आहे, त्या वेळीं जो मनुष्य फळीवर असेल त्याच्या मापाची फळी घे. लाटेवर स्वार असणें हें क्षणांचें काम आहे, वाट पाहणें हें तासांचें. आणि जो वाट पाहण्यांतच थकला त्याच्यापुढून चांगली लाट निघून जाते.

एवढ्यावर विषय संपला असता, जर समुद्रावर तो एकटा असता. जॉन स्टुअर्ट मिल्लनें १८५९ सालच्या आपल्या ‘लिबर्टी’ या निबंधांत स्वतःपुरतीं कृत्यें आणि इतरांस लागणारीं कृत्यें असा जो भेद केला, तो आमच्या पिढीच्या पदवीधरांना पाठ असतो. फळीचें माप हें वरवर पाहतां पहिल्या सदरांतलें दिसतें: पैसा माझा, पाय माझे, पडणार तो मी. परंतु फळी घोट्याला दोरीनें बांधलेली असते आणि ती दोरी बहुधा फळीइतकीच लांब असते. मनुष्य पडला म्हणजे दहा फुटांची दोरी ताणली जाऊन तिच्या टोंकाला दहा फुटांची फळी फुटत्या लाटेंत भिरभिरते. म्हणजे त्याच्याभोंवतीं वीस फुटांच्या टापूंत जो कोणी असेल त्याला धोका. पालथा खेळणारा येणाऱ्या लाटेखालीं फळीसकट बुडी मारून निसटूं शकतो. उभ्याच्या फळींत इतकी हवा कोंडलेली असते कीं ती खालीं दाबली जात नाहीं. तेव्हां न पेलणारी लहान फळी घेणाराचें वारंवार पडणें हें शेजाऱ्याचें संकट. आणि मोठी घेणारा क्वचित् पडला तरी त्याची फळी जड, म्हणून तेंहि शेजाऱ्याचेंच संकट. मिल्लचा भेद खोटा नाहीं, पण त्याची रेघ मनुष्याच्या कातडीवरून जात नसून दोरीच्या टोंकावरून जाते.

मोठ्या फळीचा दुसरा एक दोष आहे आणि तो अधिक सूक्ष्म आहे. या खेळांत जगभर एक रूढि पाळली जाते: लाट जेथें फुटूं लागते त्या माथ्याच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची, इतरांनीं थांबावें. आतां उभा असलेला मनुष्य क्षितिजावर येणारी लाट बसलेल्यांच्या आधीं पाहतो. हातांत वल्हें असल्यामुळें तिच्यापर्यंत आधीं पोंचतो. आणि फळी लांब असल्यामुळें ती फुटण्यापूर्वीं, बाहेर खोल पाण्यांतच, तिच्यावर चढतो. इतरांची पाळी येईपर्यंत लाट त्याची झालेली असते. रूढीचें अक्षर पाळलें गेलें. अर्थ मात्र गेला. सार्वजनिक नळावर ज्यांनीं पाणी भरलें आहे त्यांना हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. रांग सर्वांना सारखी, पाळी प्रत्येकाची एक. पण एक जण घागर घेऊन आलेला असतो आणि एक जण पिंप. पिंपवाल्यानें नियम मोडला असें म्हणतां येत नाहीं, आणि त्याच्याकडे कोणी प्रेमानें पाहत नाहीं. लाटांचें पाणीहि, त्या घटकेपुरतें, मोजकेंच असतें.

मौज अशी कीं, लाटेवरच्या फळीला हें वल्हें अर्वाचीन काळीं जोडलें गेलें तें दुसऱ्यांवर लक्ष ठेवण्यासाठीं! विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास वाईकीकीच्या किनाऱ्यावर पाहुण्यांना हा खेळ शिकविणारे लोक असत. लेरॉय आणि बॉबी आह चॉय या भावांचीं नांवें त्यांत प्रसिद्ध आहेत. ते मोठ्या फळीवर वल्हें घेऊन उभे राहत. कारण उभें राहिलें म्हणजे शिकणारे सर्व दिसतात, लाट येतांना त्यांना हांक मारतां येते, आणि फोटोहि काढतां येतात. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून लेअर्ड हॅमिल्टन, डेव्ह कलामा अशा नामांकित खेळाडूंनीं तें वल्हें पुन्हां हातीं घेतलें आणि त्याचा जगभर प्रसार झाला. इतका कीं, हा खेळ कोणाच्या अखत्यारांतला, याबद्दल लाटांच्या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना आणि होड्यांच्या शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना यांचें भांडण लोझान येथील क्रीडालवादापर्यंत गेलें व २०२० सालीं पहिलीच्या बाजूनें निकालांत निघालें. असो. ज्या उंचीवरून शिक्षक शिष्यांकडे पाहत असे, त्याच उंचीवरून आज लाट इतरांच्या आधीं टिपली जाते. साधनांत कांहींच बदललेलें नाहीं. पाहणाराची नजर तेवढी फिरली आहे.

आमच्याकडील शास्त्रकारांनीं यासाठीं ‘अधिकार’ असा एक शब्द योजला आहे. ज्याची तयारी जेवढी, तेवढें साधन त्याला द्यावें. कल्पना उत्तम, पण तिचा आमच्याकडे जो उपयोग झाला तो सर्वांस माहीत आहे. तयारी पाहण्याऐवजीं जन्म पाहिला गेला, आणि दार ज्यांच्यासाठीं बंद झालें त्यांना, तुमची तयारी नाहीं, असें सांगण्यांत आलें. ओलो सरदारांनींच वापरावी, यामागील तत्त्व निराळें नव्हतें. हवाईंतील जुनी निषेधपद्धति १८१९ सालीं मोडली. आज कोणीहि कोणतीहि फळी घेऊं शकतो, आणि तें तसेंच असावें. दुसऱ्याचा अधिकार ठरविण्याची सत्ता कोणाच्याहि हातीं पुन्हां जाऊं नये. पण म्हणून अधिकार ही गोष्टच नाहीशी झाली असें नव्हे. ती बाहेरच्या दरवाजावरून आंत आली आहे, आणि आंत तिच्यासाठीं पहारेकरी नेमावयाचें काम बहुतेकांकडून राहून गेलें आहे.

आमच्या विद्यार्थ्यानें शेवटीं त्या दोहोंपैकीं एकहि फळी घेतली नाहीं. त्यानें ९ फूट २ इंच लांबीची, ३१ इंच रुंदीची, १३२ लिटरांची घेतली. दुकानदारानें वजन विचारलें, किती पैसे घालावयाचे तें विचारलें. कोणत्या किनाऱ्यावर जाणार आणि तेथें आणखी कोण असतात, हें विचारलें नाहीं. तो सध्यां वाईकीकीच्या ‘कॅनोज’ या भागांत जातो. तेथें उलांडीच्या होड्याहि लाटांवर येतात, शिकाऊ लोकांची गर्दी असते आणि लाट मऊ असते. एक लाट घेतली कीं पुढच्या दोन सोडावयाच्या, असा त्यानें आपल्यापुरता नेम केला आहे. त्यामुळें आपला सरासरी हिशेब फार घसरतो, अशी त्याची तक्रार आहे. तीवर आम्हीं त्याला कांहीं उत्तर दिलेलें नाहीं.

अलीकडच्या पत्रांत एक नवी अडचण आहे. त्याची मुलगी सोळा वर्षांची, वजन ५१ किलो. तिलाहि हा खेळ शिकावयाचा आहे. बापाची फळी तिच्या वजनाच्या अडीचपटीहून अधिक भरते; तिच्यावरून ती पडणार नाहीं, आणि वाऱ्यांत ती फळी तिला वळवतांहि येणार नाहीं. तिच्या मापाची दुसरी घ्यावी, तर ती आणखी दोन-तीन वर्षांत लहान फळीवर जाईल. त्यानें पत्रांत आईच्या हातच्या वाढत्या अंगाच्या परकराची आठवण लिहिली आहे, आणि फळीचा निर्णय उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत पुढें ढकलला आहे.